पडणारच आहेत ते दात!

दिवाळी संपली की आमचा हंगाम सुरू होतो. भाऊबीज होते, पाहुणे आपापल्या गावी परततात, फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागतात आणि चोपड्यातल्या माझ्या दवाखान्याच्या बाकावर गाल धरून बसलेली पोरेही दिसू लागतात. शेजारी आई असते, बहुधा आजीही असते, आणि बाप बाहेर मोटारसायकलला टेकून उभा असतो. मी विचारतो, "काय झालं?" आई म्हणते, "दाढ दुखतेय." पोराला मी तोंड उघडायला सांगण्यापूर्वीच आजी निकाल देऊन टाकते, "दुधना दात शेतस, डाक्टर. पडी जातीन. आते कसाले खर्चात पडानं?"

तीस वर्षे दातांचा धंदा करतो आहे. या काळात हे वाक्य मी अहिराणीत ऐकले, गुजरीत ऐकले, शुद्ध मराठीत ऐकले आणि शाळामास्तरांच्या तोंडूनही ऐकले. पूर्वी मी त्यावर हसत असे. एका पाडव्याच्या रात्रीनंतर हसू येईनासे झाले. ती हकिगत आधी सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून पुढचे बोलणे तुम्ही मनावर घेणार नाही.

लासूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातली पाच वर्षांची मुलगी. तिला आपण छबी म्हणू. रात्री नवाच्या सुमारास बाप तिला शालीत गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन आला. शाल बाजूला केली आणि माझ्या पोटात गोळा आला. उजवा गाल तर सुजलेला होताच, पण सूज जबड्याखाली उतरून गळ्यापर्यंत आली होती. कातडी लाल, टणक. अंगात ताप. तोंड जेमतेम बोटभर उघडत होते आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. लाळ गळते याचा अर्थ मुलाला आवंढा गिळता येत नाही. दंतवैद्याला ज्या खुणांचे भय वाटते, त्यातली ही एक मोठी खूण.

चौकशी केली. खालची दाढ तीन महिन्यांपासून अधूनमधून दुखत होती. दुखली की लवंग ठेवायची, आजी चिमूटभर मिश्री दाबायची, दुखणे थांबायचे. पोळ्याच्या वेळी हिरडीवर एक पुळी आली, फुटली, बरी झाली. सगळ्यांना हायसे वाटले. दिवाळीत पुन्हा ठणका लागला. गाल सुजला तेव्हा घरच्यांनी प्रेमाने, अगदी रात्रभर जागून, वाळूच्या पुरचुंडीने शेक दिला. त्या शेकाने काय साधले असेल, ते समोर दिसत होते.

गावातल्या बालरोगतज्ज्ञांना मी बोलावले. त्यांनी लगेच इंजेक्शन दिले आणि बाजूला घेऊन एवढेच म्हणाले, "इथे नको." गाडी काढली. मी पुढे बसलो, मागे बाप. पोरीला आडवे केले की श्वास अडकायचा, म्हणून तिला त्याने मांडीवर उभ्यानेच धरले होते. चोपड्याहून जळगाव पन्नासेक किलोमीटर. एरवी गप्पा मारता मारता येते, त्या रात्री सरता सरेना. दोन्ही बाजूंच्या गावांत फटाके उडत होते. तापीच्या पुलावर आलो तेव्हा बापाने मागून विचारले, "साहेब, दाताने माणूस मरतो का हो?"

मी उत्तर दिले नाही. उत्तर 'हो' असे होते.

जळगावला शस्त्रक्रिया करून जबड्याखालचा पू काढला, ती दाढही काढली. आठ दिवसांनी छबी घरी आली. त्या बापाने मला दाढ दाखवली. कागदाच्या पुडीत जपून ठेवली होती. हरभऱ्याएवढी. तिला तीन महिन्यांपूर्वी पडलेले भोक भरायला माझ्याकडे अर्धा तास पुरला असता.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, हजारात एखाद्याचे असे होते. कबूल. पण दाढेच्या दुखण्याने रात्र रात्र रडणारी, एकाच बाजूने चावणारी, भाकरी टाळून बिस्किटावर राहणारी, वर्गात गाल धरून बसणारी मुले हजारात एखादे नसतात. २००२-०३ मध्ये देशभर दातांची मोठी पाहणी झाली. त्यात पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या, दोन्ही वयांच्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. तुमच्या घरी दोन मुले असतील, तर हा हिशेब कोणता ते तुम्हीच पाहा.

'दाताला कीड लागली' हा आपला शब्दच मुळात फसवा आहे. मी लहान असताना बाजारात दाढेतली कीड काढणाऱ्या बाया यायच्या. निखाऱ्यावर भुईरिंगणीचे बी टाकायचे, नळीने त्याचा धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा आणि मग पाण्याच्या वाटीत बारीक पांढरे किडे दाखवायचे. बघणाऱ्यांचे डोळे विस्फारत, माझेही विस्फारत. पुढे शिकून आल्यावर मी ते बी घरी आणले आणि कोणाचेही तोंड मध्ये न घालता नुसतेच तापवून पाहिले. 'किडे' निघालेच. ते त्या बियांच्या पोटातले कोंब होते! हा समज काही आपल्याकडचाच नव्हे. युरोपातही दातात अळ्या असतात असे शतकानुशतके मानत. पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात, मला तर अशी अळी कधी दिसली नाही, असे सांगून टाकले. खरा प्रकार उलगडायला आणखी दीडशे वर्षे लागली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९० साली दाखवून दिले, की तोंडातले जंतू आपण खाल्लेल्या गोड आणि पिठूळ पदार्थांचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते.

म्हणजे दात पोखरणारे कोणी किडे नसतात. दातावर एक चिकट, न दिसणारा थर सतत बसत असतो, त्यात हे जंतू राहतात. त्यांना साखर मिळाली की काही मिनिटांत आम्ल तयार होते. दातावरचे कवच आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण आम्लापुढे त्याचे काही चालत नाही. मग लाळ धावून येते. ती आम्ल मारते आणि विरघळलेले क्षार पुन्हा दातावर बसवू लागते. या डागडुजीला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसातून तीन-चार वेळा खाणे झाले तर लाळ आपले काम पुरे करते. पण पोर दर अर्ध्या तासाला काही ना काही चघळत असेल, तर गवंडी भिंत बांधतो आहे आणि मागून कोणी विटा काढतो आहे, असे होते.

साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे, ही गोष्ट ज्या प्रयोगातून कळली तो प्रयोग मात्र लाजिरवाणा आहे. स्वीडनमध्ये लुंड शहरात विपेहोल्म नावाच्या संस्थेत बौद्धिक अपंग माणसांना ठेवीत. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तिथे काही जणांना जेवणाबरोबर साखर दिली, तर काहींना जेवणांच्या अधेमध्ये चिकट टॉफ्या खायला दिल्या. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. टॉफीवाल्यांच्या तोंडांची मात्र दैना झाली. त्या बिचाऱ्यांना कोणी विचारलेही नव्हते. त्यांच्या दातांच्या मोलाने मिळालेले हे ज्ञान निदान वाया तरी जाऊ नये.

म्हणून दिवाळीच्या अंकात मी लाडू-करंज्यांच्या विरुद्ध लिहीन असे ज्यांना वाटले असेल, त्यांनी निर्धास्त व्हावे. लाडू जेवणाच्या ताटात वाढा, पोराला पोटभर खाऊ द्या, वर चूळ भरायला लावा आणि डब्याला झाकण लावा. तोच लाडू चार तुकडे करून दिवसभर खेळता खेळता खाल्ला, तर चौपट नुकसान. आमच्या खानदेशात सण काही कमी नाहीत. होळीला साखरेचे हार-कडे पोरांच्या गळ्यात पडतात आणि संध्याकाळपर्यंत चाटून चाटून बारीक होतात. गुलाबाईच्या दिवसांत रोज रात्री खाऊ असतो. यात्रेतली गोडशेव तर अशी चिकट, की दाढेच्या खाचेत बसली म्हणजे सकाळपर्यंत हलत नाही. पण सणांनी दात बिघडत नाहीत. सण वर्षाकाठी मोजके. दात बिघडवतो तो रोजचा रुपया. शाळेच्या वाटेवरच्या दुकानात रुपयाची गोळी, पाच रुपयांचे बिस्किट, पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. रडणाऱ्या पोराला गप्प करायला याहून स्वस्त औषध बापाला दुसरे सापडत नाही.

वैजापूर-सत्रासेनकडच्या पाड्यांवर पूर्वी तपासणीला गेलो की पावरा आणि भिल्ल मुलांची तोंडे पाहून मला आनंद होई. दादर-मक्याची भाकरी, उडदाची डाळ, रानातली फळे. दात असे की कणसाच्या दाण्यांसारखे. आता पाड्यापाड्यावर टपरी झाली आहे आणि त्या टपरीवर रंगीत पुड्यांच्या माळा लटकतात. रस्ता गेला तिथे आधी पुड्या पोहोचल्या, दंतवैद्य अजून पोहोचायचा आहे.

केळ्याचा मात्र मी बाजू घेतो. केळ्याच्या मुलखात राहून लोक मला विचारतात, "केळ्याने दात किडतात का?" जेवणाबरोबर खाल्लेल्या अख्ख्या केळ्याचे भय बाळगू नका. त्याच केळ्याचे वेफर दिवसभर तोंडात टाकत राहिलात तर त्यांचा लगदा दाढांत अडकून बसतो.

आता 'पडणारच आहेत' या वाक्याकडे वळतो. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या वयात पडू लागतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा, अकरा, कधी बारा वर्षांपर्यंत कामाला असतात. पाचव्या वर्षी दुखणारी दाढ 'पडणारच आहे' म्हणणे म्हणजे आणखी पाच-सहा पावसाळे काढायच्या घराला 'पुढे बांधायचेच आहे' म्हणून गळू देणे. शिवाय ती दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून बसलेली असते. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी. रुमाल लवकर उचलला गेला की शेजारचे सरकतात आणि मागून येणारा उभा राहतो किंवा वाकडा शिरतो. मग पंधराव्या वर्षी तारा लावायला हजारो रुपये घालणारे तेच आईबाप असतात. वेळेआधी दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी एक छोटी तार बसवता येते. तिच्याबद्दल विचारून घ्या, कारण घाईत आम्ही दंतवैद्यही सांगायला विसरतो.

आणि एका दाढेबद्दल मी हात जोडून सांगतो. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पाडता, गुपचूप एक नवी दाढ उगवते. वर दोन, खाली दोन. काहीच पडले नाही म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही, आणि लागला तरी ती दुधाचीच समजतात. ती पक्की दाढ आहे. जन्मभराची. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि त्यांत किडणे फार लवकर सुरू होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ही दाढ पार पोखरलेली पाहून मी बापाला सांगतो, "ही पुन्हा येणार नाही," तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. समोरच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूने मोजत मागे जा. पाच दात दुधाचे. सहावा दिसला की समजा, पक्का आला. त्याच्या खाचा एका पातळ लेपाने बंद करता येतात. टोचणे नाही, कोरणे नाही, पाच-दहा मिनिटांचे काम.

माझ्या स्वतःच्या घराची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझी धाकटी मुलगी तीन वर्षांची असताना तिच्या वरच्या चार पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या. मी सबंध तालुक्याचे दात तपासत होतो, पण घरी पोहोचेपर्यंत ती झोपलेली असे. झोपताना माझी आई तिला साखर घातलेल्या दुधाची बाटली देई, आणि ती बाटली तोंडात धरूनच झोपे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दूध दातांभोवती रात्रभर साचून राहते. पांढरी रेघ ही पहिली हाक. तेव्हा जाग आली तर दात सावरतो, तपकिरी भोक पडल्यावर सावरत नाही. आईला मी काय बोलणार? मलाही तिने तसेच वाढवले होते, फक्त बाटलीऐवजी बोंडले होते. बाटलीत आठ दिवस दुधात पाणी वाढवत नेले, शेवटी नुसते पाणी राहिले. तीन रात्री घरात कोणी झोपले नाही. चौथ्या रात्री पोरीने बाटली आपणहून फेकली. (अंगावरच्या दुधाची गोष्ट वेगळी. ते दोन वर्षे आणि त्यापुढेही पाजावे. फक्त दात आल्यावर ते पुसत जावे.)

दात घासण्याबद्दल लोकांना वाटते, यात सांगण्यासारखे काय आहे? बरेच आहे. सकाळी घासणे हा आपला संस्कार आहे, रात्री घासणे हा नाही. आणि उपयोग रात्रीचा अधिक. रात्री घासल्यावर पाण्याखेरीज काही तोंडात जाऊ नये. दुसरे असे, की मुलाच्या हाती ब्रश देऊन आई स्वयंपाकघरात जाते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला ते नीट जमत नाही. ज्या हाताला बुटाची नाडी बांधता येत नाही, त्या हाताला मागच्या दाढेच्या आतली बाजू कशी सापडेल? मुलाला मांडीवर पाठमोरे घ्या, डोके आपल्या छातीशी मागे टेकवा आणि आपल्या हाताने घासा. पहिला दात दिसला त्या दिवसापासून. मोठ्या मुलालाही घासू द्या, पण नंतर एक हात तुमचा फिरू द्या.

राख, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात, कारण त्यांचे कवचच घासून निघते. कडुलिंबाच्या काडीशी माझे वैर नाही. माझे वडील शेवटपर्यंत तीच वापरत. पण लहान मुलाच्या हाताला ती झेपत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसते. फ्लोराइडचे नाव काढले की हल्ली कोणीतरी मोबाइल पुढे करून दाखवतो, "हे विष आहे म्हणे." त्याची कथा मोठी मजेची आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी १९०१ साली मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला. गावकऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग होते, पण त्या डागाळलेल्या दातांना किडणे कमी! तीस वर्षे तो कारण शोधत राहिला. १९३१ साली कळले की पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. म्हणजे अती झाले की डाग, आणि बेताचे असले की रक्षण. आपल्याकडेही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. तिथे दातांवर डाग तर पडतातच, हाडेही धरतात. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असलेले पाणी पिऊ नये. बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी ते जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. पण पेस्टमधले फ्लोराइड पोटात जायचे नसते, दातावर लागायचे असते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षे वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशवर नागमोडी लांब पट्टी दाखवतात, ती दुकानदाराच्या फायद्याची. घासल्यावर थुंकावे, खळखळून चुळा भरून ते धुऊन टाकू नये. मुलांच्या काही पेस्टींत फ्लोराइड नसतेच, फक्त चित्र असते. वेष्टण वाचून घ्या.

जुन्या समजुतींपैकी निरुपद्रवी असतील त्यांना मी हात लावत नाही. पडलेला दात धाब्यावर फेकावा, उंदराच्या बिळात टाकावा, टाका बापडे. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, असे म्हणून एका मामाने माझ्याकडे येऊन भाच्याचा दात काढायचा आग्रह धरला होता. त्याला चहा पाजून परत पाठवले. मामा अजून खणखणीत आहे. पण एक समजूत जीवघेणी आहे. 'दात येताना जुलाब व्हायचेच.' दात येताना हिरडी शिवशिवते, लाळ गळते, मूल चिडचिडे होते. जुलाब आणि मोठा ताप दातांमुळे येत नाही. मूल हाती येईल ते तोंडात घालते, त्यातून जंतू जातात. त्या वेळी दाताकडे बोट दाखवून घरी बसू नका. मिठासाखरेचे पाणी, म्हणजे ओआरएस, सुरू करा आणि डॉक्टर गाठा.

मार लागून दात निखळण्याबद्दल दोन शब्द. एका वर्षी क्रिकेटच्या चेंडूने दात पडलेली दोन मुले माझ्याकडे आली. पहिल्याचा दात बापाने राखेने स्वच्छ घासून, हळदीच्या फडक्यात बांधून, दुसऱ्या दिवशी आणला. तो मेला होता. दुसऱ्या पोराबरोबर त्याचा मित्र होता. त्याने मैदानाशेजारच्या डेअरीतून प्लास्टिकच्या पेल्यात गार दूध घेतले, त्यात दात टाकला आणि धावत आला. पाऊण तासात दात जागेवर बसवला. तो आज त्या मुलाच्या तोंडात आहे. पक्का दात निखळला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला, घासू नका, दुधात टाका आणि तासाच्या आत या. दुधाचा दात निखळला तर मात्र परत बसवायचा नसतो.

खर्चाची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण सगळेच महाग नसते. २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. ज्या दुखण्यांसाठी ते मुले तपासतात, त्यांत दात किडणेही आहे. पथक आले त्या दिवशी मूल शाळेत पाठवा, आणि चिठ्ठी मिळाली तर ती खिशात विरघळू देऊ नका. वीज नसलेल्या पाड्यावरही नुसत्या हातांच्या अवजारांनी भोक साफ करून सिमेंट भरता येते. चांदीचा अंश असलेले एक औषध निघाले आहे, दोन थेंब लावले की किडणे जागच्या जागी थांबते. दात तिथे काळा पडतो खरा, पण दुधाच्या दाढेला काळे असले तर काय बिघडले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घातले.

राहता राहिली मिश्री. छबीच्या हिरडीवर आजीने चिमूट दाबली, ती काही वाईट हेतूने नव्हे. तिच्या आईने तिच्या हिरडीवर तशीच दाबली होती. तंबाखूने हिरडी बधिर होते, म्हणून दुखणे थांबल्यासारखे वाटते, आणि पोराला चव लागते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दुसरे काही नाही. तंबाखू घातलेले मंजन विकायला सरकारने १९९२ सालीच बंदी केली. पण चुलीवर तव्यात भाजणाऱ्या आजीला बंदी कोण करणार? घरातल्या सुना दिवसातून चार वेळा लावतात, गरोदरपणातही लावतात. मुंबईत झालेली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते, की अशा तंबाखूने बाळाचे वजन सरासरी शंभर ग्रॅमने कमी भरते. तोंडाच्या कर्करोगाचे तर सांगायलाच नको. दहा-बारा वर्षांची मुले-मुली 'दात घासतो' म्हणून मिश्री लावताना मी पाहिली आहेत. त्यांना ती दुकानातून आणावी लागत नाही, घरच्याच कोनाड्यात असते.

छबीची आजी मला अजून भेटते. नातीला दर सहा महिन्यांनी तीच घेऊन येते, बापाला वेळ नसतो. मागच्या खेपेला मी म्हणालो, "आजी, मिश्री सोडली का?" ती हसली. तिने पदराची गाठ सोडून डबी काढून दाखवली. "मन्हं काय, दोन दिस राह्यनात," म्हणाली. पूर्वी ती डबी कोनाड्यात असे. आता पोरांच्या हाती लागू नये म्हणून ती पदरालाच बांधून फिरते. मग खुर्चीवर बसलेल्या छबीचे तोंड तिने स्वतःच उघडले आणि मधल्या रेषेपासून बोटाने मोजू लागली. सहाव्यावर थांबली आणि माझ्याकडे पाहिले.